माझ्याबद्दलचा शेरा

५ जुलै १९७१, सोमवार

मोठ्या बाई हो म्हणाल्या! सगळ्या शाळेचे स्वेटर यंदा माझ्याकडे! निळे, व्ही गळ्याचे, बाहीला पांढरी पट्टी. अट एकच — कालीपूजेनंतर शाळा उघडली की पहिला गठ्ठा दारात हवा, आणि थंडी पडायच्या आत बाकीचे. "ओगलेदी, हातानं एवढं होईल?" मी म्हटलं, हातानं कशाला, विणायचं मशीन घेतेय ना! तोंडातून निघूनच गेलं. मशीन कुठाय? कप्पाळ!

पण घेणारच. दुकानाच्या काचेतून किती दिवस बघतेय ते. दुकानदार आता मला ओळखून हसतो मेला. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बँका सरकारी झाल्यापासून असल्या कामाला कर्ज देतात की. बायकांनासुद्धा." आणि लगेच पेन्सिल घेऊन हिशेब मांडायला बसले. ऑडिटच्या कचेरीतला माणूस, दुसरं काय करणार! आमटी दोनदा गरम केली.

मला आज फार बरं वाटतंय. लिहून ठेवते, कारण असं रोज लिहायला मिळत नाही.

८ जुलै, गुरुवार

चौकातल्या बँकेत जाऊन आले. तिथल्या मुख्य साहेबाला एजंट म्हणतात. त्यांचं नाव सान्यालबाबू. भला माणूस आहे, पान खातो, समोरच्याचं ऐकून घेतो. विणकामाच्या वर्गाचं सर्टिफिकेट दाखवलं आणि बाबांनी लहानपणी उघडून दिलेल्या खात्याचं पासबुक दाखवलं. दोन्हीवर नाव — शकुन चारुदत्त नाडगौडा. अर्जावर नाव — प्रेमलता श्यामसुंदर ओगले. सान्यालबाबूंनी चष्मा वर केला.

"ही शकुन कोण?"

मीच.

"मग प्रेमलता?"

तीही मीच!

मग त्यांना सगळं रामायण सांगितलं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, आडनावच नाही, पहिलंसुद्धा. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं! त्यांना वाटलं एक डाकनाम असेल — या बंगाली लोकांत प्रत्येकाचं घरात हाक मारायचं एक नाव असतं आणि बाहेर मिरवायचं दुसरं. मी म्हटलं, नाही हो, दोन्ही मिरवायचीच. एक आधीचं, एक नंतरचं. "बाप रे, मग आधीची मुलगी गेली कुठे?" म्हणाले आणि हसले. मीही हसले.

बँकेचा माणूस चौकशीला येईल म्हणाले. घरी, शेजारी, यांच्या कचेरीत. "नेहमीचंच आहे, दीदी. सगळं गुप्त राहतं. काळजी नको."

गुप्त राहतं म्हटल्यावर बरंच वाटलं मला!

१२ जुलै

चौकशीवाला आला नाही. घर मात्र रोज लखलखीत. हे म्हणतात, त्यानं वर्षभर येऊ नये.

१८ जुलै, रविवार

इथल्या मराठी मंडळातली सुनीती आली होती लेकीला, वैशालीला, घेऊन. तिचे यजमान विनायकराव त्याच बँकेच्या लालदिघीजवळच्या मोठ्या कचेरीत आहेत, त्यामुळे सुनीती मला म्हणाली, "प्रेमाताई, तुमचं काम झालंच समजा." वैशाली आल्या आल्या माझ्या मांडीवर. उठायलाच तयार नाही. माझा लोकरीचा गुंडा घेऊन तिनं सगळ्या खोलीभर जाळं केलं. सुनीती ओरडली, मी ओरडू दिलं नाही.

त्या गेल्यावर गुंडा सोडवत बसले. आमची असती तर आता शाळेत जाती. तिच्यासाठी स्वेटर मीच केला असता, निळा, व्ही गळ्याचा. ती गेल्यावर मी कशी होते ते आठवत नाही, यांना आठवतं. रांचीच्या त्या इस्पितळातलं मात्र आठवतं. तिथे सुया देत नसत. नुसती लोकर द्यायचे, बोटांनी गुंडाळायला. मंडळात सगळ्यांना सांगितलंय की मी तेव्हा नागपूरला मावशीकडे होते. बाबांना ठाऊक होतं, बाबा गेले. आता यांना आणि मला. आणि या पानाला.

लोक वाईट नसतात. पण 'रांची' म्हटलं की इथं रिक्षावालासुद्धा डोक्याजवळ बोट फिरवतो.

२२ जुलै, गुरुवार

हसू की रडू! वरच्या मजल्यावरच्या मिनतीदी धावत खाली आल्या, धापा टाकत. "ओगलेदी, घाबरू नका! टिकटिकी आली होती, आम्ही परतवली!" टिकटिकी म्हणजे पोलिसांचा खबऱ्या. सध्या बेहालात कोण कोणाला केव्हा उचलून नेईल नेम नाही. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतली पोरं नेली, अजून पत्ता नाही. त्यामुळे छत्रीवाला अनोळखी माणूस गल्लीत येऊन "शकुन नावाची बाई इथे राहते का, आणि प्रेमलता म्हणजे तीच का, पूर्वी कुठे होती" असं विचारायला लागल्यावर गल्लीनं जे करायचं तेच केलं. मिनतीदी म्हणाल्या, "शकुन? ओळखत नाही. प्रेमलता? जन्मात ऐकलं नाही!" किराणावाल्यानं तेच सांगितलं. इस्त्रीवाल्यानं तर सांगितलं की त्या घरात कोणी राहतच नाही!

मी म्हटलं, मिनतीदी, अहो, तो बँकेचा माणूस होता!

त्यांचं तोंड असं झालं की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. माझ्यावरच्या प्रेमानंच केलं बिचारीनं. रागवू कोणाला?

२३ जुलै

यांना सांगितलं. पोट धरून हसले. मग म्हणाले, "असू दे. गल्लीत कोणी बोलत नाही म्हटल्यावर तो माझ्या कचेरीत येईलच. मी सांगतो त्याला सगळं नीट."

३० जुलै, शुक्रवार

तो कचेरीत येऊन गेला. यांनी त्याला कँटीनचा चहा पाजला, वर गरम तळलेला चॉपही! "झालं तुझं काम," म्हणाले. येताना मशीनच्या दुकानावरून मुद्दाम वळसा घेऊन आले आणि काचेतून बघून आले म्हणे. "अजून आहे तिथेच." हा माणूस कधीकधी असं काही करतो की काय बोलावं कळत नाही.

खोलीतलं कपाट सरकवलं. मशीनला जागा झाली.

११ ऑगस्ट, बुधवार

नाही म्हणाले.

१२ ऑगस्ट

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते.

बँकेत गेले तर शिपायानं उठून खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे वळवला. पाणी आणलं. मला वाटलं, वा, कर्जदार झाल्यावर मान वाढतो! सान्यालबाबू आले, बसले, पेपरवेट इकडचा तिकडे केला. "दीदी, शोरीर भालो तो?" तब्येत बरी ना, म्हणाले. इथे सगळेच विचारतात, मासेवालासुद्धा विचारतो. मी म्हटलं, ठणठणीत! मग म्हणाले, "होणार नाही, दीदी. वरून नाही आलंय."

का?

"ते सांगता येत नाही."

अहो, का म्हणजे काय कमी पडलं? जामीन कमी? कागद कमी? आणते की!

"कागद सगळे ठीक. चौकशीच्या शेऱ्यात... नाही दीदी, मला बोलता येत नाही." आणि मग आवाज अगदी मऊ करून — "एवढी दगदग कशाला घेता? हातानंच करा ना घरी, सावकाश."

सावकाश म्हणे! सबंध शाळेचे स्वेटर सावकाश! डोंबल! शाळेतली मुलं काय पेन्शनीत निघेपर्यंत थांबणार आहेत?

हे सगळं मी तिथे बोलले नाही. नमस्कार करून आले. घरी येऊन भांडी घासली, घासलेली परत घासली.

यांचं म्हणणं, दोन नावांनीच घात केला. गल्लीनं ओळख दाखवली नाही, पासबुकावर एक नाव, अर्जावर दुसरं — कोणालाही संशय येईल. पटतंय. माझ्याबद्दल कोणीतरी काहीतरी लिहिलंय. चार ओळी असतील, दोन असतील. त्या वाचून लोक मला पाणी देतात. मला सोडून सगळ्यांनी वाचल्यात!

१९ ऑगस्ट, गुरुवार

विनायकरावांकडे गेलो होतो दोघं. त्यांनी "बघतो" म्हटलं होतं मागे. बघितलंय, हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं. बशीतल्या पोह्यांतून मान वर काढीनात.

"वहिनी, मला विचारू नका."

मी विचारलंच. मी गप्प बसणारी आहे का!

"गुप्ततेची शपथ घेतलीय आम्ही. सही केलीय. आता तर कायद्यातच घातलंय ते, बँका सरकारी झाल्या तेव्हापासून. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नाही."

मी म्हटलं, अहो विनायकराव, पण गिऱ्हाईक मीच ना? गोष्ट माझीच ना? माझी गोष्ट मला सांगितली तर ती बाहेर कशी गेली?

"तसं नसतं ते, वहिनी." बस. एवढंच. बशी पुढे सरकवली, पोहे तसेच.

बरोबर, कायदा माझ्यासाठी आहे. माझी गोष्ट कोणाला कळू नये म्हणून. म्हणून मलाच कळू द्यायची नाही. वा रे वा! ज्यानं हे काढलं त्याला माझा साष्टांग.

परत येताना ट्राममध्ये हे शेजारी बसले. माझी पिशवी घेतली हातातून.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

मंडळाचा गणपती. हळदीकुंकवाला गेले. सुनीती भेटली, जरा जास्तच गोड बोलली. वैशाली धावत येऊन मांडीवर बसली. मी तिच्या वेणीत गजरा माळत होते. सुनीती आली आणि हसून म्हणाली, "चल गं, झोप आलीय तुला." आणि उचलली. कुठली झोप? पोरगी टक्क जागी! जाताना माझ्याकडे हात करून रडत होती.

असेल. दमली असेल.

३ सप्टेंबर, शुक्रवार

दिगंबरकाकांकडे गेले, अलिपूर कोर्टात. बाबांचे मित्र. इथल्या मराठी लोकांतले सगळ्यात जुने वकील, अजून मला 'शकू' म्हणतात. त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं की पोरकं वाटायचं थांबतं. सगळं सांगितलं. काकांनी तपकीर ओढली.

"शकू, बँका अशी माहिती काढतातच. आपल्यात स्थळाची चौकशी करतात तशी. विश्वासात घेऊन, कानात. कोणी काय सांगितलं ते सांगायचं नाही, आणि सांगणाऱ्यावर जबाबदारीही नाही."

म्हटलं, पण स्थळ मोडलं तरी चार दिवसांनी कुठून तरी कळतंच की का मोडलं!

"इथे नाही कळणार."

मला बघायचा हक्क?

"नाही."

आणि खोटं लिहिलं असेल तर?

"तर कोर्टात जायचं. पण कोर्ट आधी विचारणार, काय खोटं लिहिलंय ते सांगा. ते तुला ठाऊक नाही. ते कळायला तुला ते बघायला हवं. आणि बघायचा तुला हक्क नाही." काका हे अगदी सावकाश म्हणाले, मीच मूल असल्यासारखं. मग म्हणाले, "अमेरिकेत आता कायदा झालाय म्हणे. पेपरात वाचलं मी. तिथे कोणाला कर्ज नाकारलं तर तो जाऊन विचारू शकतो, माझ्याबद्दल काय नोंदलंय. चूक असेल तर दुरुस्त करायला लावू शकतो."

मी म्हटलं, मग जाते अमेरिकेला! बेहालाहून बस आहे का?

काका हसले नाहीत. "चूक असेल तरच हं, शकू. खरं असेल तर तिथेसुद्धा ते तसंच राहतं."

रांची! पण छे. कोणाला ठाऊक आहे ते? बाबा गेले. हे तर मला काटा टोचू देत नाहीत. दुसरं खरं काय, तर माझी जीभ तिखट आहे. तेवढ्यावरून कोणी कर्ज नाकारत नाही.

काकांनी अ‍ॅफिडेव्हिट करायला सांगितलं. नावांचा तरी घोळ मिटेल.

९ सप्टेंबर, गुरुवार

केलं. हे रजा काढून बरोबर आले. मॅजिस्ट्रेटसमोर उभी राहून शपथेवर सांगितलं की शकुन चारुदत्त नाडगौडा आणि प्रेमलता श्यामसुंदर ओगले ही एकच बाई आहे आणि ती मी आहे. आवाज कापला. कशाला कापावा? खरं तेच तर सांगत होते. पण इतक्या वर्षांत दोघींना कोणी असं शेजारी उभं केलं नव्हतं. लग्नात एकीला ताटातल्या तांदळांखाली घातली आणि दुसरीला घरी आणली. मग रांचीला गेली ती कुठली, हे तर कोणी विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर यांनी उसाचा रस पाजला. म्हणाले, "आता बघू कोण नाही म्हणतो!" शर्टाची बाही वर करून म्हणाले. एवढे किरकोळ, आणि बाही वर करतात!

१४ सप्टेंबर, मंगळवार

सान्यालबाबूंनी अ‍ॅफिडेव्हिट सगळं वाचलं. मग माझ्याकडे परत दिलं.

"नावाचं काही नव्हतंच, दीदी."

मग कशाचं?

खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी — "शोरीरटा देखबेन." तब्येतीला जपा म्हणे. किती जपू? सगळा गाव माझ्या तब्येतीच्या मागे का लागलाय?

घरी येऊन मिनतीदींना सांगितलं. तर त्या बाईनं पदर खोचला, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका गोळा केल्या, इस्त्रीवाल्यालाही घेतलं, आणि मोर्चा बँकेत! "ही बाई इथेच राहते! आम्ही हिला ओळखतो! हिच्यासारखी बाई बेहालात नाही!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सान्यालबाबूंनी हात जोडले. सगळ्यांना चहा पाजला. एवढंच झालं. इस्त्रीवाला म्हणाला, साहेब चांगला आहे.

चांगलाच आहे. सगळेच चांगले आहेत. मग माझं वाईट कोण करतंय?

१७ सप्टेंबर

हातानं विणतेय. नमुन्याचे तरी द्यायचेत महालयेच्या, म्हणजे सर्वपित्रीच्या, सुमाराला. बोटं सुजलीत. यांनी हळद लावून दिली.

२२ सप्टेंबर, बुधवार

नमुने घेऊन शाळेत गेले. पूजेच्या सुट्टीची गडबड होती. मोठ्या बाईंनी स्वेटर हातात घेतले, उलटून बघितले, शिवण बघितली. "सुंदर," म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "ओगलेदी, मी काम दुकानाला दिलंय."

मी म्हटलं, थोडी मुदत द्या. मशीन दुसरीकडून बघते.

"मुदतीचं नाही. तुम्हाला त्रास होईल. ऐकलं, पूर्वी तुम्हाला बरं नव्हतं... शाळेत मुलं आहेत ना. तुम्ही मापं घ्यायला येणार, मुलांमध्ये..." माझ्या हातावर हात ठेवला. तो हात इतक्या हळू ठेवला, आणि इतक्या लवकर काढला!

काय ऐकलं? कोणाकडून?

त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि शिपायाला म्हणाल्या, दीदींना दरवाजापर्यंत सोड.

मुलांमध्ये! माझ्यामुळे मुलांना काय होणार होतं? मापं घेताना मी त्यांच्या दंडाला टेप लावली असती, एवढंच. एवढंच तर.

२३ सप्टेंबर

आता कळलं शेऱ्यात काय आहे. खुर्ची, पंखा, पाणी. शोरीर भालो तो. सावकाश करा. सगळं कळलं.

पण सांगितलं कोणी? इस्पितळातून कोणी? बाबांनी मरायच्या आधी कोणाजवळ? मावशीला कुणकुण होती का? एकेक चेहरा आणून बघतेय आणि परत ठेवतेय. कोणाकडे नीट बघवेना. मिनतीदी आल्या तर मी कडी लावून बसले. अशानं खरंच वेडी होईन!

अजून भीती वाटते तो शब्द लिहायची. लिहिला एकदाचा.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

सुनीतीकडे गेले. एकटी. चहा ठेवायला उठली तर म्हटलं, बस. चहा नको. वैशालीला माझ्या मांडीवरून का उचललंस?

बसली आणि रडायलाच लागली. "मला माफ करा, प्रेमाताई. पोटची पोर आहे, भीती वाटली. यांनी सांगितलं मला. घरात नाही हो लपत."

म्हणजे विनायकराव. पोह्यांवर मान घालून बसलेले! शपथ घेतलेले! मला सांगायची नाही ती शपथ. बायकोला सांगायला कायदा आड आला नाही. तिनं आणखी कोणाला, तिनं आणखी कोणाला, आणि असं करत मोठ्या बाईंपर्यंत. कानात सांगितलेली गोष्ट फिरून फिरून सगळ्यांकडे गेली, फक्त माझ्याकडे यायला तिला बंदी!

मी विचारलं, बँकेला कोणी सांगितलं ते सांग. तेवढं सांग, मी जाते.

सुनीतीनं डोळे पुसले. "ते नाही सांगितलं यांनी. सांगणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं म्हणाले. विश्वासात घेऊन सांगितलेलं असतं ना."

माझं सगळं फोडलं. सांगणाऱ्याचं नाव मात्र जपलं! उठून आले. वैशाली दाराच्या फटीतून बघत होती. मी हात हलवला, पण आत गेले नाही. तिलाही आता कोणीतरी सांगेल.

२५ सप्टेंबर

दिगंबरकाकांना भेटले. त्यांनाच पहिल्यांदा रांचीचं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, शकू." म्हणजे बाबांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं! बाबा, मी उगीच तुमच्यावर संशय घेतला.

काकांना विचारलं, आता काही करता येईल? त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटली. "खोटं असतं तर लढलो असतो गं," म्हणाले.

यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. रांचीला हे दर शनिवारच्या गाडीनं यायचे, लोकरीचे गुंडे घेऊन. रविवारभर माझ्यासमोर बसून लोकर उलगडून द्यायचे, मी गुंडाळायची. त्यांनी माझं ते दुखणं सगळ्या जगापासून लपवून ठेवलं. ते फुटलं म्हणून कळलं तर हा माणूस खचेल. त्यांच्या लेखी अजून दोन नावांचाच घोळ आहे. राहू दे.

२९ सप्टेंबर, दसरा

मिनतीदींनी दुर्गेच्या पायाचं कुंकू आणून माझ्या भांगात भरलं. त्यांना काही ठाऊक नाही. किंवा असेल, आणि तरी आल्या. विचारलं नाही.

६ ऑक्टोबर

मशीन विकलं गेलं. यांनीच येऊन सांगितलं. मुद्दाम बघायला गेले होते अजून. मी म्हटलं, जाऊ द्या हो. कपाट मूळच्या जागी सरकवलं.

१८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फराळाला बसलो होतो. हे सहज म्हणाले, "मला अजून उमगत नाही, त्या चौकशीवाल्यानं लिहिलं तरी काय! माझ्याकडे आला तेव्हा मी तर तुझं केवढं कौतुक केलं. म्हटलं, दादा, ही रांचीहून घरी आली तेव्हा हिच्या हातात सुई द्यायची मला भीती वाटायची, आणि आता बघा, सबंध शाळेचे स्वेटर करायला निघालीय! अशी बाई शोधून सापडणार नाही म्हटलं. त्याच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं गं."

मी त्यांना आणखी एक चकली वाढली. म्हटलं, दोन नावांमुळेच असेल.

"मी म्हणतच होतो," हे म्हणाले, आणि चकली मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली.